रबर तीनदा जळालं, पीळ मात्र तसाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. तिथे १६० केव्हीए क्षमतेचा जनसेट, म्हणजे डिझेलवर वीज बनवणारा संच, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, १५०० आरपीएम. गेल्या वर्षी अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, जळाला. सीझन तोंडावर, रिवाइंडिंगला वेळ नाही, म्हणून सेकंडहँड २५० केव्हीएचा दोन बेअरिंगवाला अल्टरनेटर बसवला. तेव्हापासून इंजिन आणि अल्टरनेटर जोडणाऱ्या मधल्या कपलिंगचं रबर तीनदा गेलं: पहिलं साधारण दोनशे तासांत, दुसरं दीडशेत, तिसरं सव्वाशेत. अलाइनमेंट दोनदा झाली. व्हायब्रेशन मीटरवाला येऊन 'ओके' सांगून गेला. दुपारी लोड असताना बल्ब लुकलुकतात, म्हणून एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र, तेही बदलून झालं. आता मेकॅनिक म्हणतो इंजिनच काढा. काय करायचं?

इंजिन काढू नका. निदान या कारणासाठी तरी नाही.

नाशिकच्या अंबडमधल्या माझ्या वर्कशॉपात चौतीस वर्षांत तुटलेली कपलिंग बरीच आली. त्यातून एकच शिकलो की तुटलेला भाग सहसा निर्दोष असतो. तो बिचारा मध्ये सापडतो. तुमच्या बाबतीत रबर मध्ये सापडलंय, आणि दोष इंजिन-कपलिंग-अल्टरनेटर या तिघांच्या जोडणीत आहे. इंजिन चांगलं, अल्टरनेटरही चांगला, पण पत्रिका जुळलेली नाही.

याला टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात. आपण पिळाचं कंपन म्हणू. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांनी पिळायला घ्यावं, तसा शाफ्ट फिरता फिरता एका टोकाला थोडा पुढे जातो आणि दुसऱ्या टोकाला थोडा मागे राहतो. मग सुटतो आणि उलटा पिळतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा किंवा शे-दोनशे वेळाही होतं. शाफ्ट आपला १५०० ने फिरतच असतो, पीळ त्या फिरण्यावर स्वार झालेला असतो.

मीटरवाल्याने ओके दिलं यात त्याची चूक नाही. त्याचा सेन्सर बेअरिंगवर बसतो आणि बेअरिंग वर-खाली, आजूबाजूला किती हलतं ते मिलिमीटर प्रति सेकंदात सांगतो. शाफ्ट जागच्या जागी पुढे-मागे पिळत असेल तर बेअरिंगला धक्का बसत नाही. फाउंडेशनवर उभं राहिलात तर पायाला काही लागणार नाही, हाउसिंगवर हात ठेवलात तर हाताला काही कळणार नाही. वर रुपयाचं नाणं उभं राहील असा सेट आतून रबर जाळत असतो. मीटरच्या कागदावर 'समाधानकारक' लिहिलेलं पाहून मालक निश्चिंत झाला आणि पंधरा दिवसांत क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टचे, दोन तुकडे, असं मी पाहिलं आहे.

आता हा पीळ येतो कुठून ते बघू. मोटर शाफ्टला जवळजवळ एकसारखी ओढते. डिझेल इंजिन तसं ओढत नाही, ते ठोसे मारतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा पॉवर स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदाच येतो. तेवढ्यापुरता त्या सिलिंडरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सरासरीच्या कितीतरी पट चढतो, आणि कॉम्प्रेशनच्या वेळी उलट तोच शाफ्टला मागे खेचतो. सहा सिलिंडर असले की दर १२० अंशांना एक ठोसा, म्हणजे एका फेरीत तीन. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणून सेकंदाला ७५ ठोसे. याला तिसरी ऑर्डर म्हणतात. फेरीत जितके ठोसे तितकी ऑर्डर, इतकंच.

पण तुमचं दुखणं तिसऱ्या ऑर्डरचं नसावं. माझा संशय अर्ध्या ऑर्डरवर आहे. दोन फेऱ्यांतून एकदा, १५०० वर सेकंदाला साडेबारा.

सहाही सिलिंडर सारखे चालत असतील तर ही अर्धी ऑर्डर दिसतच नाही. सहा गड्यांनी एकाच खुंट्याला दोर बांधून सहा दिशांना सारख्या जोराने ओढावं, तर खुंटा जागचा हलत नाही. १-५-३-६-२-४ या फायरिंग ऑर्डरमध्ये सहाही जणांचा अर्ध्या ऑर्डरचा हिस्सा असाच एकमेकांना खाऊन टाकतो. त्यातल्या एकाचा जोर कमी झाला, म्हणजे डिझेल फवारणारं नोझल ठिबकतंय किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, की खुंटा हलायला लागतो. दोन फेऱ्यांत एकदा एक ठोसा कमी पडतो, आणि तो कमी पडलेला ठोसाच साडेबाराचं कंपन बनून पुढे जातो.

एवढ्यानेही रबर जळत नाही. नोझल खराब असलेले किती सेट धूर सोडत वर्षानुवर्षं चालतात! रबर जळायला त्या साडेबाराशी जोडणीची स्वतःची वारंवारता जुळावी लागते. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल. दहावीच्या पलीकडचं नाही.

इंजिनकडे फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि क्रँक मिळून एक जडत्व आहे, म्हणजे वेग बदलायला होणारा विरोध. अल्टरनेटरच्या रोटरचं दुसरं. मध्ये रबर हा स्प्रिंग. दोन्ही जडत्वांचा गुणाकार करायचा आणि त्याला त्यांच्या बेरजेने भागायचं, की जोडणीचं परिणामी जडत्व मिळतं. रबराचा ताठरपणा त्याने भागायचा, वर्गमूळ काढायचं आणि ६.२८ ने भागायचं. आलेला आकडा म्हणजे सेकंदाला किती वेळा ही जोडणी आपणहून पिळायला बघते.

तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून या मापाच्या सेटला शोभतील असे आकडे धरतो. इंजिनाकडचं जडत्व २.४ किलो-मीटर वर्ग. जुन्या १६० केव्हीएच्या रोटरचं १.६. रबराचा डायनॅमिक ताठरपणा १२,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. परिणामी जडत्व २.४ गुणिले १.६ भागिले ४, म्हणजे ०.९६. वारंवारता आली १७.८ हर्ट्झ. खाली साडेबाराची अर्धी ऑर्डर, वर पंचवीसची पहिली, आणि ही मधोमध. ज्याने हा सेट मुळात जुळवला त्याने डोकं वापरलं होतं.

आता नवा अल्टरनेटर. २५० केव्हीएचा म्हणजे रोटर मोठा, त्याचं जडत्व ३.६ धरू. परिणामी जडत्व २.४ गुणिले ३.६ भागिले ६, म्हणजे १.४४. वारंवारता उतरून १४.५ वर आली. साडेबारापासून अजून लांब आहे, म्हणून सकाळी सेट चालू केला की सगळं छान वाटतं.

पण रबर गरम झालं की मऊ पडतं. पिळलं की तापतं, आणि रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. वर फ्लायव्हील हाउसिंगच्या आत हवा कोंडलेली, बाहेर एप्रिलची दुपार. ताठरपणा पंचवीस टक्क्यांनी घसरून ९,००० झाला असं धरा. वारंवारता होते १२.५८. म्हणजे ऐन अर्ध्या ऑर्डरवर! १५०० च्या ऐवजी १५१० ला नेमकी गाठ पडते, आणि वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या चढउतारात तेवढा फरक सहज पडतो. जुन्या रोटरवर हेच रबर असंच तापलं असतं, तर वारंवारता १५.४ ला थांबली असती आणि गाठ १८५० आरपीएमच्या आसपास पडली असती. तिथे तुमचा सेट कधी जाणारच नाही.

गाठ पडली की रबरात येणारा पीळ एरवीच्या पाच ते आठ पट होतो. पीळ वाढला की रबर आणखी तापतं, तापलं की आणखी मऊ पडतं. रबर मरतं ते या चक्रात. तुमचे तास दोनशेवरून सव्वाशेवर का आले याचाही अंदाज बांधता येतो: दरम्यान ते नोझल आणखी बिघडत गेलं असणार.

मोठा अल्टरनेटर लावला म्हणजे मजबुती वाढली, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. विजेच्या हिशेबाने ते खरंही आहे, वाइंडिंग निवांत राहतं. शाफ्टच्या हिशेबाने मात्र तुम्ही झोपाळ्यावर लहान मुलाऐवजी पैलवान बसवलात आणि दोर तेच ठेवले.

बल्ब लुकलुकण्याचंही उत्तर इथेच मिळतं. रोटर सेकंदाला साडेबारा वेळा पुढे-मागे होतो तेव्हा व्होल्टेजही त्याच तालात हलतं, आणि एवढ्या संथ चढउताराला माणसाचा डोळा फार चटकन पकडतो. एव्हीआर बदलून हे जाणार नव्हतं. उलट ज्या दुपारी बल्ब जास्त लुकलुकले, त्याच दुपारनंतर रबर गेलं का, हे लॉगबुकात बघा. तुमच्या ऑपरेटरला हे आठवत असेल. ऑपरेटरला पुष्कळ काही माहीत असतं, त्याला विचारत कुणी नाही.

आता हा अंदाज खरा की खोटा ते तपासू या, कारण मी इथे बसून बोलतोय आणि पैसे तुमचे जाणार आहेत.

आधी फाटलेलं रबर फेकलं नसेल तर करवतीने मधोमध कापा. बाहेरून ते बरं दिसेल, कदाचित थोडी चीर असेल. आत बघा. कंपनाने जळालेलं रबर गाभ्यातून जळतं. मधोमध काळं, चिकट, डांबरासारखं झालेलं असतं, नाहीतर बारीक छिद्रांनी भरलेलं, आणि जळका वास येतो. अलाइनमेंट बिघडल्याने गेलेलं रबर कडेने झिजतं, काळी भुकटी हाउसिंगच्या तळाशी पडते आणि गाभा शाबूत असतो. एकाच झटक्याने फाटलेलं, म्हणजे शॉर्ट सर्किटसारखं काही घडलेलं असेल, तर कापल्यावर आत ताजं स्वच्छ रबर दिसतं. हा करवतीचा प्रयोग फुकट आहे आणि निम्मा निकाल तिथेच लागतो.

मग सिलिंडर तपासा. सेट लोडवर घ्या आणि इन्फ्रारेड गनने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही तोंडांचं तापमान घ्या, प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून आणि त्याच जागी. पाच जण सारखे आणि एक पन्नास-साठ अंशांनी थंड निघाला, तर तोच आपला गडी. जुन्या पंपाचं इंजिन असेल तर नोझलचा नट एकेक ढिला करून कुठल्या सिलिंडरला आवाज बदलत नाही ते ऐकायची आपल्या मेकॅनिकांची रीत आहेच, ती चालेल. इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारं, असेल तर नटाला हात लावू नका. तिथे हजार बारच्या पुढचं प्रेशर असतं. डिझेलची बारीक धार कातडीतून थेट आत जाते आणि बोट कापायची वेळ येते. नोझल आपल्या नाशिकच्या सातपूरला बनतात त्या गावात राहून आपण ते वर्षानुवर्षं कॅलिब्रेट करत नाही, हे जरा गमतीचंच आहे.

यानंतरची तपासणी माझ्या आवडीची. स्ट्रोबोस्कोप लागेल, म्हणजे ठरावीक वेगाने चमकणारा दिवा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात मिळेल. सेट बंद असताना कपलिंगच्या दोन्ही हबांवर (शाफ्टवर बसणाऱ्या चकत्यांवर), रबराच्या अलीकडे आणि पलीकडे, पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. गार्डला बघण्यापुरती जाळीची खिडकी ठेवा. गार्ड काढून, शर्टाची बाही लोंबकळत ठेवून वाकून बघणारे हिरो मी पाहिलेत, तसं करू नका. सेट लोडवर तासभर तापू द्या, मग दिवा मिनिटाला १५०० चमकांवर आणून रेघ स्थिर करा.

सगळं ठीक असेल तर दोन्ही हबांवर एकेक रेघ उभी दिसते, थोडी जाड, थोडी थरथरती. अर्ध्या ऑर्डरचा पीळ असेल तर एका रेघेच्या दोन दिसतात. कारण दिवा प्रत्येक फेरीला चमकतो आणि कंपन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण होतं. एका फेरीला रेघ पुढे सापडते, पुढच्या फेरीला मागे. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतात. रबरात दोन अंशांचा पीळ दोन्ही बाजूंना पडत असेल, तर १५० मिलिमीटर त्रिज्येच्या हबावर इंजिनकडच्या दोन रेघांत साधारण सहा मिलिमीटरचं अंतर दिसू शकतं आणि अल्टरनेटरकडच्या दोन रेघांत चार. अल्टरनेटर जड, म्हणून तो कमी हलतो. दिवा नेमक्या कुठल्या क्षणी चमकतो त्यावर हे अंतर थोडंफार कमी दिसेल, पण रेघा दोन असतील तर दोनच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या फोरमनला वाटलं पेंटरने चुकून दोन रेघा मारल्यात. सेट बंद करून त्याने स्वतः जाऊन पाहिलं. एकच होती.

कागदावर पुरावा हवा असेल तर फ्लायव्हीलच्या रिंग गिअरसमोर बसणारा मॅग्नेटिक पिकअप वापरता येतो. इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरसाठी तो बहुतेक सेटवर आधीच असतो. एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचा वेळ मोजत गेलं की वेग कुठे वाढला, कुठे घटला ते कळतं, आणि त्यातून कुठली ऑर्डर किती हे वेगळं काढता येतं. पुण्या-मुंबईचे सल्लागार लेझर किंवा शाफ्टवर चिकटवायचे स्ट्रेन गेज घेऊन येतात. तुमच्या १६० केव्हीएच्या सेटला तेवढा खर्च मी करणार नाही. मोठ्या कॉम्प्रेसरला जरूर करीन.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे जुन्या मापाचा, जुन्या रोटरच्या जडत्वाचा अल्टरनेटर परत आणणे. तो रिवाइंड होऊन कुठे पडला असेल तर आधी तिकडे जा.

तो नसेल तर कपलिंग बदला. रबर नव्हे, कपलिंग. आणि इथे बहुतेक लोक उलटं करतात. त्यांना वाटतं मऊ रबर म्हणजे जास्त आराम. तुमच्या नव्या रोटरवर वारंवारता साडेबाराच्या बरीच खाली न्यायची, समजा ८.८ ला, तर ताठरपणा साडेचार हजारांच्या आत आणावा लागेल. मग तिसऱ्या ऑर्डरशी गाठ पडते १७६ आरपीएमला. स्टार्टर मोटर इंजिन फिरवते तोच हा वेग! प्रत्येक स्टार्टला आणि प्रत्येक स्टॉपला सेट धडधडेल. कोल्ड स्टोरेजवर दिवसातून चार वेळा वीज जाते आणि सेट चार वेळा सुरू होतो. बॅटरी जरा उतरलेली असली की इंजिन त्या वेगावर रेंगाळतं, आणि रबर त्या रेंगाळण्यातच फाटतं.

म्हणून मी ताठ बाजूला जाईन. गरम अवस्थेत ताठरपणा १८,००० राहील असं कपलिंग निवडायचं, म्हणजे थंड असताना साधारण २४,०००. तेव्हा वारंवारता गरम असताना १७.८ आणि थंड असताना २०.५ च्या आसपास पडते. साडेबारापासून लांब, पंचवीसपासूनही लांब. जुन्या माणसाने ज्या खिडकीत सेट बसवला होता त्याच खिडकीत आपण परत आलो. मात्र हे माझे धरलेले आकडे आहेत, तुमच्या खऱ्या आकड्यांवर गणित पुन्हा करावं लागेल. केवळ 'ताठ घ्या म्हणे' एवढं ऐकून दुकानात गेलात तर उद्या पहिल्या ऑर्डरला जाऊन भिडाल.

कपलिंगच्या कॅटलॉगात टॉर्कचे तीन आकडे असतात. नेहमीचा, क्षणिक कमाल, आणि सतत सहन होणारा कंपनाचा टॉर्क. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही पहिलाच वाचतात. तुमचं पहिलं रबर या पहिल्या आकड्यावर अगदी बरोबर होतं, मारलं ते तिसऱ्याने. शिवाय त्याच कॅटलॉगात तापमानानुसार हे आकडे किती कमी धरायचे तेही दिलेलं असतं. नाशिकच्या थंडीवर विसंबू नका, हाउसिंगच्या आत बारमाही उन्हाळा असतो. तिथे हवा खेळायला जाळीची भोकं असतील तर ती ग्रीस आणि धुळीने बुजलेली नाहीत ना, तेही पाहून घ्या.

आणि नोझल. कपलिंग कुठलंही लावा, सहाही नोझल एकदम काढून टेस्ट बेंचवर लावा. फक्त खराब एकच नको. पाच जुनी आणि एक नवं म्हणजे पुन्हा सहावा गडी वेगळ्या जोराने ओढणार.

या प्रश्नाच्या थोडं बाहेरचं, पण इंजिनाच्या पुढच्या टोकाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. क्रँकचा स्वतःचाही एक पीळ असतो, कपलिंगच्या पिळाहून फार वरच्या वारंवारतेचा, सहा सिलिंडरच्या इंजिनात बहुधा दीडशे-तीनशे हर्ट्झच्या घरात. तो आवरायला क्रँकच्या पुढच्या टोकाला डॅम्पर असतो. आपल्याकडे त्याला 'पुली' म्हणतात आणि पुलीसारखंच वागवतात. काढायला हातोडा, ठेवायला जमीन. व्हिस्कस डॅम्परच्या आत एक जड रिंग असते, भोवती दाट सिलिकॉन तेल, आणि रिंग व केसमधली जागा मिलिमीटरच्या अंशाएवढी. केसला पोचा पडला की रिंग अडकते. अडकली की डॅम्पर संपला, राहिलं ते नुसतं वजन.

माझ्याकडे एकदा बोअरवेलच्या गाडीवरच्या इंजिनाचा क्रँक आला, दोन तुकडे झालेला. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) तेलाच्या भोकापासून भेग निघून अक्षाशी ४५ अंशांत पिळदार गेली होती. वाकून तुटलेला क्रँक वेबच्या, म्हणजे जर्नल जोडणाऱ्या आडव्या बाहूच्या, कोपऱ्यातून आडवा तुटतो, पिळून तुटलेला असा तिरका तुटतो. मालक ग्राइंडिंगवाल्याला शिव्या देत होता, ग्राइंडिंगवाला लोखंडाला. मी डॅम्पर मागवला. तो भंगारात टाकून झाला होता, पोत्यातून शोधून आणला. वर अंगठ्याएवढा पोचा. लेथवर घेऊन केस कापली. नवं सिलिकॉन तेल काकवीसारखं वाहतं, हे सुकलेल्या डिंकासारखं झालं होतं, नखाने उकरावं लागलं. रिंग केसला घट्ट धरून बसलेली. ग्राइंडिंगवालाही अगदी साधू नव्हता, कोपऱ्याची गोलाई त्याने जरा टोकदारच सोडली होती. पण त्या क्रँकला मारलं डॅम्परने.

तुमचा डॅम्पर रबरी असेल तर हब आणि बाहेरची रिंग यांच्यावरून एक आडवी पांढरी खूण करून ठेवा. महिन्याने दोन्ही अर्ध्या खुणा समोरासमोर नसतील तर रबर सुटलंय. व्हिस्कस असेल तर पोचा, गळती, आणि मोठ्या ओव्हरहॉलला नवा. सेट भरपूर चालला असेल आणि डॅम्पर कधीच बदलला नसेल तर मी या खेपेला बदलूनच टाकेन.

हे सगळं नवं ज्ञान नाही. १९२९ च्या मे महिन्यात ग्राफ झेपेलिन हे वायूने भरलेलं जर्मन हवाई जहाज अमेरिकेला निघालं होतं. फ्रान्सवर असताना त्याची पाचपैकी चार इंजिनं एकामागून एक गेली आणि ते कसंबसं तुलोंजवळ उतरवावं लागलं. क्रँकशाफ्ट तुटले होते आणि बोट याच पिळाकडे गेलं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९२१ मध्ये, होल्झर नावाच्या जर्मन इंजिनिअरने अशा जोडणीच्या वारंवारता कागदावर तक्ता मांडून काढायची रीत छापली होती. डिप्लोमाला असताना आम्ही ते तक्ते हाताने भरत असू, एक बेरीज चुकली की पूर्ण पान खोडायचं. आता मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये दोन जडत्वांचा हिशेब दहा ओळींत बसतो. तरीही अल्टरनेटर बदलताना तो करतं कोण?

तुमच्या कॉम्प्रेसरबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी तुम्ही वीज वाचवायला अमोनिया कॉम्प्रेसरवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवणार, हे मला आत्ताच दिसतंय. तोही पिस्टनचाच, त्यालाही ठोसे आहेत. बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट थोडाफार सांभाळून घेतो. थेट कपलिंगवर असेल तर आजवर तो एकाच वेगाने चालत होता, व्हीएफडी लागला की सगळ्या वेगांतून फिरेल, आणि कुठल्यातरी वेगाला गाठ पडेलच. मोठ्या कारखान्यांतल्या कॉम्प्रेसरसाठी एपीआय ६१८ हे मानक आहे. त्यात जोडणीची वारंवारता चालू वेगापासून दहा टक्के आणि त्याच्या पटींपासून पाच टक्के लांब ठेवायला सांगितलं आहे. तुम्हाला त्या मानकाची सक्ती नाही, पण व्हीएफडीवाल्याला 'कुठले वेग वगळायचे?' एवढं विचारा. ड्राइव्हमध्ये ठरावीक वेगाची पट्टी वगळायची सोय असते, ती वापरायला पैसे पडत नाहीत.

नवं कपलिंग येईपर्यंत सेट चालवणं भाग असेल तर आधी नोझल करून घ्या. अर्ध्या ऑर्डरचा जोर कमी झाला की गाठ असूनही रबराला कमी मार बसेल. दुपारी शक्य तो लोड हलका ठेवा, प्रीकूलिंगची खेप रात्रीकडे ढकला. तासा-दोन तासांनी सेट थांबवायची संधी मिळाली तर थांबवल्याबरोबर हाउसिंगच्या भोकातून रबराचं तापमान गनने घ्या आणि लिहून ठेवा. ते रोज चढत चाललं तर चौथं रबरही चाललं म्हणून समजा. सेट स्लो आयडलवर, म्हणजे लोड न देता कमी वेगावर, मात्र गरम करत ठेवू नका. थंड रबरावर नव्या रोटरची पहिल्या ऑर्डरशी गाठ ८७० च्या जवळ पडते आणि दीड ऑर्डरशी ५८० ला. आयडल नेमका या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो.

मला तीन गोष्टी पाठवा: नव्या अल्टरनेटरचा फ्रेम नंबर, इंजिनाचं मॉडेल आणि कपलिंगवर ठोकलेले आकडे, रबराच्या शोर हार्डनेससकट (रबर किती कडक त्याचा आकडा). रोटरचं जडत्व नामपट्टीवर लिहिलेलं नसतं, पण फ्रेम नंबरवरून कंपनीच्या डेटाशीटमध्ये सापडतं. आणि रबर कापल्यावर आत काय निघालं त्याचा फोटो. गाभा काळा चिकट निघाला तर कपलिंगचं माप मी काढून देतो. स्वच्छ निघाला तर माझा वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा, आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.